रिगरभाऊचं अख्खं चित्र

चेहरा काय, कोणीही काढतं. नाक-डोळे जागच्या जागी बसले की लोक म्हणतात, वा रे वा, हुबेहूब! पण हात काढायला सांगा, भल्याभल्यांची बोबडी वळते. मी नवीन होतो तेव्हा किती माणसांचे हात पाठीमागे लपवले, किती खिशात कोंबले, किती जणांच्या हातात उगाच थैल्या दिल्या, विचारू नका. आता दुर्गच्या पद्मनाभपुरातल्या घरी ओसरीवर बसून नातवंडांची चित्रं काढतो, तर ती कार्टी चेहऱ्याकडे पाहतच नाहीत. आधी बोटं मोजतात. मोजा म्हणतो, खुशाल मोजा. माझ्या हातून निघालेलं सगळ्यात चांगलं चित्र बोटं मोजणाऱ्या एका म्हातारीसाठीच होतं.

भिलाईची पहिली भट्टी पेटायच्या आधीची ही गोष्ट. कारखाना उभा होऊन राहिला होता. मुरमाची लाल धूळ इतकी की पांढरा सदरा ही चैन होती, आणि ती आमच्यापैकी कोणालाच परवडत नव्हती. वसाहतीच्या सेक्टरमध्ये क्वार्टरांच्या ओळी बांधून होत होत्या. आम्ही सडे लोक पत्र्याच्या बॅरेकीत राहायचो. तिथं नावानं कोणी कोणाला हाक मारत नसे. एका नावाचे चार-चार जण, बोलावलं एकाला की तिघं ओ देणार. म्हणून ज्याचं जे काम तेच त्याचं नाव. फिटरकाका, वेल्डर, जड सामान ओढणारा तो खलाशी. मी ट्रेसरबाबू.

ट्रेसर म्हणजे ड्रॉइंग ऑफिसातला गिरवणारा. मोठ्या लोकांनी पेन्सिलीनं नकाशे काढायचे, मी त्यावर ट्रेसिंगचं कापड ताणायचं आणि खालची रेघ न् रेघ शाईनं वर उतरवायची. आपलं डोकं लावायचं नाही. मला याचा भारी राग यायचा. दिवसभर बोल्ट आणि पाइप गिरवून हात शिवशिवायचे, तर संध्याकाळी बॅरेकीबाहेर खाटेवर बसून मी माणसं काढायला लागलो. फोटोवरून. जिवंत माणूस हलतो, बोलतो, मधेच उठून चहाला जातो. फोटो बिचारा बसून असतो.

माझी रीत ऑफिसातलीच. ट्रेसिंगचा टाकाऊ तुकडा फोटोवर ठेवायचा, त्यावर बारीक चौकटी आखायच्या. कागदावर तितक्याच चौकटी मोठ्या आखायच्या. मग एकेका घरात जे दिसतं ते त्या-त्या घरात उतरवायचं. मोजमापात मी पक्का होतो, बाकी सगळी बोंब. माझं पहिलं चित्र पाहून फिटरकाका म्हणाले, "बाबू, हा मानूस हाये का गिअरबॉक्स?" सगळी बॅरेक खो खो हसली. मी काकांशी कितीतरी दिवस बोललो नाही. माझा स्वभावच तसा, तेव्हाही आणि आताही. बायको म्हणते, तुमच्या नाकाच्या शेंड्यावर माशी बसायला घाबरते.

काकांचं खरं होतं, हे एका रशियन इंजिनिअरमुळे कळलं. कारखाना रशियाच्या मदतीनं होत होता, आमच्या ऑफिसात त्या लोकांचं येणं-जाणं असायचं. माझ्या टेबलावरचं चित्र त्यानं उचललं, मान वाकडी केली, आणि स्वतःच्या गालावरून कानापर्यंत बोट फिरवून माझ्याकडे पाहिलं. इथं रेघ दिसते का तुला? त्याला आपली भाषा येत नव्हती, मला त्याची नाही, पण समजलं. माणसाला रेघ नसते, सावली असते. जाताना त्यानं खिशातली मऊ, काळीभोर पेन्सिल मला देऊन टाकली. ती पेन्सिल मी इतकी जपली की छिलतानासुद्धा जीव वर-खाली व्हायचा. खोडायला पावाचा मऊ गर. तो गोळी करून दाबायचा, म्हणजे सावली हलक्या हातानं उचलता येते. पाव उरला तर चहात बुडवून खायचा.

मग काय, संध्याकाळी माझ्या खाटेपाशी रांग. बहुतेकांनी जन्मात एकच फोटो काढलेला, तो गेटपासचा. छातीपर्यंतचा, आगपेटीच्या छापाएवढा, आणि प्रत्येक जण असा दचकलेला जसा काही पोलिसानं धरून आणलाय. त्यावरून मी मोठं चित्र काढून द्यायचो. थोडं हसरं करायचो. मंडळी ते गावी पाठवायची. मोबदल्यात कोणी माझा डबा आणायचं, कोणी माझे कपडे धुवायचं. राजासारखा राहून राहिलो होतो मी.

आणि त्या रांगेत एक दिवस रिगरभाऊ आला.

रिगर म्हणजे अवजड लोखंड दोर-साखळ्यांनी बांधून वर चढवणारा. हा गडी उंच खांबावर असा फिरायचा जसं आपण ओसरीवर फिरतो. खाली आला की मात्र गरीब गाय. तो यवतमाळकडचा, मीही तिकडचाच, म्हणून आमचं जमायचं. दोघांच्याही घरच्यांनी नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. एक सवय मी त्याची पाहिली होती, डावा हात सदा पँटच्या खिशात. डाव्या हाताच्या करंगळीचं वरचं पेर साखळीत सापडून गेलं होतं. काम अडत नव्हतं त्यानं, पण त्याला लाज वाटायची.

"ट्रेसरबाबू," तो म्हणाला, "माहं चित्र काढून दे. पण डोक्यापासून पायापर्यंत. अख्खं."

मी म्हटलं, "गेटपासचा फोटो छातीपर्यंत आहे भाऊ. खालचं कुठून आणू?"

तर तो मटकन खाटेवर बसला आणि सगळं सांगितलं.

तो भिलाईला आला तेव्हा बायको दोन जिवांची होती. मग मुलगी झाली. आता ती पोरगी चालायला लागली होती, आणि बापानं तिचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. मधे एकदा सुट्टी मिळत होती, पण तेव्हा बोटाची जखम ओली. पट्टी पाहून मायनं परत पाठवलंच नसतं, म्हणून हा गेला नाही. आणि नंतर सुट्ट्याच बंद झाल्या. भट्टी पेटेपर्यंत कोणी हलायचं नाही. अशात सेक्टरमध्ये त्याच्या नावानं क्वार्टर निघालं. दोन खोल्या, घरात नळ, मागे अंगण. अट एवढीच की थंडी लागायच्या आत कुटुंब आणून राहायचं, नाहीतर क्वार्टर पुढच्याला. यानं निरोप धाडला, सुनेला आणि पोरीला घेऊन ये. माय म्हणाली, नाही.

"कावून नाही?"

"तिले वाटते मी धड नाही."

त्यांच्या शेजारच्या गावचा एक जण कुठल्याशा मिलमध्ये होता. घरी सारखा छातीपर्यंतचा फोटो पाठवायचा. मजेत आहे म्हणायचा. आणि एक दिवस आला तो कुबडीवर. एक पाय गुडघ्यापासून नाही. तेव्हापासून म्हातारीच्या मनानं घेतलं होतं, की मशिनीवर गेलेल्या माणसाचा अर्धा फोटो आला म्हणजे उरलेलं अर्धं गेलं. गावात लोक काहीबाही बोलायचे, भट्टीला बळी लागतो वगैरे. ती त्यांना झापायची. "बळीबिळी मी मानत नाही. देव सोडले, आता नवसही कोनाले बोलता येत नाही. मले माहं पोरगं दिसलं पाह्यजे, हातापायानं." असं तिचं सरळ काम. सून परक्या मुलखात पाठवायची आणि नवरा निघायचा लुळा, मग तिनं पोरगी घेऊन कोणाच्या तोंडाकडे पाहायचं? मला तर म्हातारीचं पटलंच.

"अरे, मग दुर्गला जाऊन उभा फोटो काढ ना सरळ!"

रिगरभाऊनं खाली मान घातली. "काढला न." आणि सदऱ्याच्या खिशातून एक फोटो काढला. दोन प्रती काढून घेतल्या होत्या, एक मायला गेली होती, ही दुसरी.

तो फोटो पाहून मी इतका हसलो की पोटात कळ आली. दुर्गच्या त्या फोटोवाल्याकडे लाकडी फळीची एक रंगवलेली मोटार होती. तिच्यामागं उभं राहायचं, म्हणजे मोटार चालवतोय असं दिसतं. आमच्या भाऊनं ती हौस केली होती. कमरेखालचा सगळा माणूस मोटारीच्या मागं! आणि वरून त्या फोटोवाल्याचा कोट. तो कोट सगळ्या गिऱ्हाइकांना एकच, शिवलेला कोण्या धिप्पाड माणसाच्या मापाचा. भाऊच्या बाह्या बोटांच्याही पुढं लोंबत होत्या. म्हणजे पाय मोटारीनं खाल्ले, हात कोटानं.

"कोट मुद्दाम घातला," तो हळूच म्हणाला. "बोट लपावं म्हणून."

"आणि माय काय म्हणाली?"

"माय म्हने, मोटार कोनाची हाये ते मले सांगू नोको. पाय दाखव."

पुन्हा दुर्गला जायचं म्हटलं, तर फोटोवाला कॅमेरा दुरुस्तीला घेऊन नागपूरला गेलेला, कधी येईल पत्ता नाही. रिगरभाऊच्या गावचा एक माणूस ठेकेदाराकडं मजूर होता, तो मधूनमधून जा-ये करायचा. त्यानं म्हातारीला छातीठोक सांगितलं होतं की भाऊ ठणठणीत आहे. पण तिनं विचारलं, "समदा?" आणि तो करंगळी आठवून असा अडखळला, असा अडखळला, की होता तेवढाही भरोसा गेला. आता तो पुन्हा गावी जाणार होता, पुढच्या आठवड्यात. त्याच्या हाती अख्खं चित्र गेलं तर गेलं, नाहीतर थंडी तोंडावर आली होती.

मला अशा वेळी स्फुरण चढतं. मी म्हटलं, "हात्तिच्या! एवढंच ना? काढून देतो."

एवढंच म्हणे! बसलो तेव्हा कळलं. चेहरा गेटपासवरून आला, त्यात माझा हात बसलेला होता. खांदे मोटारीच्या फोटोवरून घेतले, कोट मनातल्या मनात उतरवून. पण कमरेखाली काय? तेव्हा वेल्डरनं आपल्या ट्रंकेतून एक फोटो आणला. एका मोठ्या खांबाच्या उभारणीनंतर सगळ्या टोळीनं ओळीनं उभं राहून काढलेला. माणसं इवलीइवली, पण पायांसकट! मी आनंदानं टुणकन उडालोच. ऑफिसातून भिंग आणलं, चौकटी इतक्या बारीक आखल्या की डोळ्यांतून पाणी यायचं, आणि दोन संध्याकाळी बसून रिगरभाऊचे पाय उतरवले. पँटीच्या चुण्या, जोड्यांच्या नाड्या, सगळं.

चित्र भिंतीला टेकवून ठेवलं. बॅरेक जमली. रिगरभाऊनं पाहिलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "बाबू, मस्तच हाये. पन हे पाय माहे नाहीत."

"म्हणजे?"

"हे वेल्डरचे."

वेल्डर पुढं येऊन वाकला. "होय बे! माहेच हायेत! हे पाहा, गुडघे बाहेर!" आणि आपल्या फेंगड्या पायांवर त्या चित्राशेजारी जाऊन उभा राहिला. ओळीत ते दोघं खेटून उभे होते, आणि मी भिंगातून एका माणसाच्या पायावरून दुसऱ्याच्या पायावर गेलो होतो. सगळे इतके हसले की शेजारच्या बॅरेकीतून लोक धावत आले. फिटरकाका म्हणाले, "पाठवून दे तसंच. माय म्हनन, पोरगं हाये, पाय दुसऱ्याचे बसवले."

माझं डोकं असं तापलं! पेन्सिल खाटेवर आपटली आणि म्हटलं, ज्याला अक्कल आहे त्यानं काढावं, मी चाललो. कुठं चाललो ते मलाही माहीत नव्हतं. नळापर्यंत गेलो, तोंडावर पाणी मारलं आणि परत आलो. रिगरभाऊ तिथंच बसला होता, चित्र मांडीवर घेऊन. चित्रातल्या त्या परक्या पायांकडे पाहून राहिला होता. मला म्हणाला, "लहानपनी बैलानं माह्या उजव्या पायावर पाय देला होता. तवापासून मी डाव्यावर भार टाकून उभा राह्यतो. मायले दुरून वळखू येते."

आणि माझा राग जागच्या जागी विरला. आधी का नाही बोललास रे लेका, म्हटलं. माय त्याचे पाय मोजणार नव्हती, ओळखणार होती.

पुढच्या रविवारी मी त्याला बॅरेकीसमोर उभं केलं. फोटो हातात होताच, पण आता फोटोत काय शोधायचं ते समजलं होतं. भिंग पुन्हा लावलं तर त्या ओळीत, वेल्डरच्या शेजारी, खरंच एक माणूस डाव्या पायावर भार देऊन उभा होता. उजवा गुडघा थोडा सैल, टाच जरा उचललेली. मी आठवडाभर त्याच्याकडे पाहत होतो आणि मला तो दिसला नव्हता! पावाच्या गरानं वेल्डरचे पाय उचलले आणि नवे घातले. वेल्डरला वाईट वाटलं. म्हणाला, आयुष्यात एकदा चित्रात आलो होतो, तेही पुसलं. त्याचं वेगळं काढून द्यायचं कबूल केलं तेव्हा शांत झाला.

राहिले हात. फोटोत उजवा सरळ सोडलेला होता, डावा खिशात. डाव्यापाशी मी थांबलो.

"भाऊ, करंगळी?"

"पुरी काढ," तो पटकन म्हणाला. "पुरीच काढ बाबू. तिले दहा बोटं दिसली की ती येते. येथं आल्यावर पाहून घेऊ."

मीही म्हटलं, बरोबर आहे. काय बिघडतं? एक पेर तर आहे. फोटोतला उजवा हात उलटा करून डावा काढला, पुऱ्या करंगळीसकट, आणि काय सांगू, तो हात माझ्या हातून असा उतरला की मीच माझ्यावर खूश. नखांवरची चमकसुद्धा आली होती. संध्याकाळी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फिटरकाकांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि आमचा अबोला सुटला. रिगरभाऊनं मात्र चित्र घेतलं, त्या पुऱ्या करंगळीकडे पाहिलं आणि आत गेला.

सकाळी मी दात घासत होतो, तर हा समोर उभा. बगलेत चित्राची गुंडाळी.

"बाबू, थे बोट पूस."

माझ्या तोंडात फेस. मी चूळ भरली.

"कावून रे? एवढं चांगलं झालंय! गावचा माणूस आज जाऊन राहिला."

"म्हनूनच. पोरगी उद्या मोजाले शिकन. चित्रातल्या बापाले दहा बोटं, अन् खऱ्या बापाले एक कमी. मंग तिले कोनता बाप खरा वाटन?" आणि गुंडाळी माझ्या हातात देऊन म्हणाला, "माय आली तं आली. नाई आली तं क्वार्टर गेलं. पन थे पूस."

त्यानं हे म्हटलं तेव्हा त्याचा आवाज कापत होता. खांबावर चढताना ज्याचा पाय कधी कापला नाही तो माणूस. मला भरून आलं आणि ते दिसू नये म्हणून मी त्याच्यावरच ओरडलो, की पाव आण जा, तोंड काय पाहतो.

मी ते पेर पुसलं. जड हातानं काढलेली सावली पावानं पुरती जात नाही, कागदावर एक कड राहते. उजेडात तिरपं धरलं तर कळायचं की इथं काही होतं. त्याच्याखाली मी खरं टोक काढलं, थोटं, वर बारीक वण. फोटोत ते कुठंच नव्हतं. त्याचा हात माझ्या गुडघ्यावर ठेवून, पाहून काढलं. अख्ख्या चित्रात फोटोवरून न काढलेलं तेवढंच.

चित्र बांबूच्या नळीत घालून गावकरी गेला. आम्ही बॅरेकीत वाट पाहायला लागलो. आम्ही म्हणजे सगळेच. त्या म्हातारीला आमच्यापैकी कोणी पाहिलं नव्हतं, पण जेवताना विषय तिचाच. येईल, नाही येणार. वेल्डर म्हणायचा, पाय माझे ठेवले असते तर आली असती. रिगरभाऊ एवढंच म्हणायचा, पाहू. हात पुन्हा खिशात. एक दिवस पाहिलं तर तो क्वार्टरात जाऊन एकटाच झाडून आला होता. रिकामी खोली, कोण राहणार माहीत नाही, आणि हा झाडून आला. म्हणाला, धूळ लय होती.

सकाळी थोडं गार वाटायला लागलं, क्वार्टरची मुदत अगदी संपत आली, तेव्हा गावकरी परतला. बॅरेकीत शिरल्या शिरल्या बोंबलला, "उद्याच्या गाडीनं येऊन राहिले बाप्पा! तिघीबी!"

फिटरकाकांनी आपली थाळी वाजवली. मी रिगरभाऊला मिठी मारली, तर हा गडी हसतो पण आहे आणि नाक पण पुसतो आहे.

दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत दुर्ग स्टेशनवर मी गेलो. म्हटलं चित्र माझं आहे, मलाही हक्क आहे. गाडी थांबली. डब्यातून आधी एक गाठोडं खाली आलं, मग म्हातारी. बारकी, काटक, कपाळ मोकळं. रिगरभाऊ पाया पडायला वाकला, तर तिनं हातानं थांबवलं.

"थांब. चालून दाखव."

प्लॅटफॉर्मवर एवढी गर्दी, कुली, चहावाले, आणि हा उंच गडी शाळेतल्या पोरासारखा चार पावलं गेला आणि चार पावलं आला. लोक पाहायला लागले. आल्यावर तो सवयीनं डाव्या पायावर भार टाकून उभा राहिला. म्हातारीनं तो पाय पाहिला आणि तिचे डोळे भरले. तिनं त्याच्या पाठीत एक रट्टा घातला, जोरात, आणि मग तोंडावरून हात फिरवला.

मला राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, चित्र काढणारा मी. बोट कमी पाहून तुम्ही याल असं वाटलं नव्हतं आम्हाला."

ती माझ्याकडे वळली. "बोट कमी हाये म्हनून तं आली. सोंगाचं चित्र राह्यतं तं बोटं पुरी राह्यली असती. ज्यानं बोटाचं खरं सांगतलं, थो पायाचं कायले खोटं सांगन?" आणि वर, "तू काढलं काय? हात चांगला हाये तुहा. पन माहा लेक एवढा हसत नाही."

आजवर माझ्या चित्रांवर पुष्कळ लोक बोलले. इतकं नेमकं कोणी बोललं नाही.

मागून त्याची बायको उतरली, कडेवर पोरगी. बायको पदराआडून हसत होती, पण पोरीनं बापाला पाहिलं आणि भोकाड पसरलं. उंच, काळा, मिशीवाला परका माणूस. त्यानं उजवा हात पुढं केला तर ती आईच्या खांद्यात घुसली. "ये न वं, ये न," म्हणताना त्याचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे पाहायला लागलो. डावा हात खिशातच होता.

"हात काढ," म्हातारी म्हणाली. "थो दुसरा. दाखव तिले."

त्यानं हात बाहेर काढला. पोरगी हुंदके देत होती, तिनं एका डोळ्यानं पाहिलं. रडणं थांबलं. मग तिनं हळूच आपली चिमुकली मूठ पुढं केली आणि ते थोटं बोट घट्ट धरलं.

"बाबा," ती म्हणाली.

बायकोनं पिशवीतून गुंडाळी काढून माझ्यासमोर उलगडली. चित्र सगळं जसंच्या तसं होतं, चेहरा, पाय, जोड्यांच्या नाड्या. फक्त डाव्या हाताची करंगळी जवळजवळ उरली नव्हती, तिथला कागद घासून घासून पांढरा पडला होता. "रोज आमी तिले विचारू, बाबा कुठी हाये?" ती म्हणाली. "तं ही तेथंच बोट ठेवे."

मी म्हटलं, आणा, दुरुस्त करून देतो. म्हातारी म्हणाली, राहू दे, आता खरं हाये न.

पोरगी बापाच्या कडेवर गेली, पण बोट काही सोडलं नाही. स्टेशनापासून क्वार्टरापर्यंत ते तसंच तिच्या मुठीत होतं. मी त्यानंतर कितीतरी वर्षं रिगरभाऊसोबत त्याच कारखान्यात काम केलं. तो हात खिशात गेलेला मला पुन्हा दिसला नाही.